आमच्या घरात नसलेला डबा

माझी नोकरी कुणाला फारशी आवडत नाही, आणि त्यात कुणाची चूक नाही. मीरा रोडच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी संसर्ग रोखण्याचं काम बघणारी नर्स आहे. सलाईन लावणं, इंजेक्शन देणं ही कामं दुसऱ्या सिस्टर करतात; त्यांनी ती करण्याआधी हात धुतले का, हे बघायचं काम माझं. शिवाय कुठल्या पेशंटला कुठलं अँटिबायोटिक चाललंय, कशासाठी चाललंय आणि अजून का चाललंय, हे डॉक्टरांना विचारायचं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असं आपल्याकडे विचारतात. आमच्या हॉस्पिटलाने त्यासाठी पगारी बाई ठेवली आहे.

मी वॉर्डात शिरले की भिंतीवरच्या बाटल्या दाबल्याचे आवाज सुरू होतात, आणि मी बाहेर पडले की थांबतात. हाताला चोळायचं ते औषध आमचे हाडांचे मोठे सर्जन तीर्थासारखं घेतात. तळहातावर चार थेंब, आणि उरलेला ओला हात केसांवरून. त्यांच्या पेशंटची जखम कोरडी ठणठणीत असली तरी अँटिबायोटिक घरी जाईपर्यंत चालूच असतं. एकदा मी विचारलं, "सर, हे अजून कशासाठी?" ते म्हणाले, "सिस्टर, नातेवाइकांच्या समाधानासाठी." नातेवाइकांच्या समाधानासाठी दिलेल्या औषधाने जंतूंचंही समाधान होतं, असं मी म्हणाले. त्यानंतर बरेच महिने ते माझ्याशी नुसत्या मानेने बोलत होते.

माझं म्हणणं साधं असतं. जंतूला मारायचं तर पुरतं मारावं. अर्धवट मार खाऊन सुटलेला जंतू पुढच्या वेळी त्या औषधाला भीक घालत नाही. आणि औषधाचा पहिला डोस देण्याआधी लघवीचा किंवा रक्ताचा नमुना लॅबमध्ये पाठवावा, म्हणजे कुठला जंतू आहे आणि तो कशाने मरतो ते कळतं. त्याला आमच्याकडे कल्चर म्हणतात. आधी औषध पोटात गेलं असेल तर नमुन्यात काही उगवत नाही. पेशंटच्या अंगात मात्र जंतू मजेत नांदत असतो. "कल्चर पाठवलं का?" हा प्रश्न मी दिवसातून इतक्या वेळा विचारते, की कॅन्टीनवालासुद्धा मला चहा देताना "पाठवलं, ताई" म्हणतो.

आता घरचं सांगते.

आम्ही भाईंदर पश्चिमेला एका जुन्या सोसायटीत राहतो. आमच्या जिन्यात मराठी, गुजराती, मारवाडी अशी सगळी माणसं आहेत. सगळे आपापल्या भाषेत प्रेमाने बोलतात आणि भांडतात मात्र हिंदीत. माझ्या सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. लग्न होऊन लालबागला आल्या आणि मुलाने इथे घर घेतल्यावर भाईंदरच्या झाल्या. समोरच्या दारात एक गुजराती बेन राहतात. त्या दोघींची मैत्री वाटीवर जमली. इकडून घावन गेले की तिकडून ढोकळा यायचा. सासूबाईंचा एक कडक नियम होता, की कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांनी हा नियम उचलला होता.

करोनाच्या दिवसांत आसपासचे दवाखाने बंद होते, आणि जे उघडे होते तिथे जायची भीती होती. तेव्हा कुणाला काही झालं की बेन आणि सासूबाई आपापल्या घरातल्या उरलेल्या गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून त्या घराच्या दारात ठेवत. माणुसकीच होती ती, मी नाही म्हणत नाही. पण घेणाऱ्याने डबा रिकामा परत कसा करायचा? तो आपल्याला हव्या त्या गोळ्या काढून घ्यायचा आणि स्वतःच्या घरात उरलेल्या त्यात टाकायचा. असा तो डबा मजल्यामजल्याने फिरत राहिला. करोना गेला, डबा राहिला, तोही आमच्याच स्वयंपाकघरात.

गोळ्या उरतात कशा, हे मराठी माणसाला सांगायला नको. डॉक्टर आठवड्याच्या लिहून देतात, दोन दिवसांत बरं वाटतं, मग "उगाच कशाला पोटात घालायच्या, पुढच्या वेळी होतील" म्हणून आपण त्या जपून ठेवतो. ज्या घरात शिळ्या पोळीचा कुस्करा होतो त्या घरात महागाचं औषध कचऱ्यात जाणार नाहीच. त्यात आमचा केमिस्ट मागाल तेवढ्या गोळ्या कात्रीने कापून देतो. नाव कुठल्या तुकड्यावर राहील ते ज्याचं त्याचं नशीब. त्यामुळे डब्यात निनावी तुकडेच जास्त. सासूबाईंना त्याची काही अडचण नव्हती. ज्याला गुण आला त्याच्या नावाने त्या गोळी ओळखत. बेनच्या घशाची, पाचव्या मजल्याच्या दाढेची, वॉचमनच्या बायकोच्या खोकल्याची. सगळी बिल्डिंग त्यांना काकी म्हणायची, आणि काकींच्या हाताला गुण आहे असंही म्हणायची.

आणि त्याच घरात मी, अँटिबायोटिक जपून वापरा म्हणून दिवसभर गळा काढणारी सून. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे झाकण लावून ठेवलेला होता.

एका गणपतीत सोसायटीने माझं भाषणही ठेवलं. सेक्रेटरी म्हणजे पाचव्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. त्यांनी स्वतः नोटीस टाइप केली, "औषधांचा विवेकपूर्ण वापर: काळाची गरज". मी मन लावून बोलले. आरतीच्या आधी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सेक्रेटरींनी मला नारळ आणि तुळशीचं रोप दिलं. नंतर समोशाची बशी हातात घेऊन माझ्यापुढे रांग लागली. प्रत्येकाला एवढंच विचारायचं होतं, की ताई, ते सगळं ठीक आहे, पण माझ्या घशाला कुठली गोळी घेऊ?

त्यानंतरच्या एका रविवारी माझा संयम सुटला. मी डबा ओट्यावर उपडा केला. मुदत संपलेल्या, ओल लागलेल्या, चिंधीएवढ्या तुकड्यात अडकलेल्या गोळ्या निघाल्या. मी त्या सगळ्या पिशवीत भरल्या आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेऊन औषधांच्या कचऱ्यात टाकल्या. सासूबाई म्हणाल्या, "लोकांची ठेव होती गो ती." मी म्हणाले, "ठेव नव्हे आई, विष होतं." त्या बरेच दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होत्या. मग एकदा भाजी निवडताना आपणहून म्हणाल्या, "आता आपल्या घरात डबा नाही हो." मला वाटलं, मी जिंकले. नवऱ्यालाही मी तसंच सांगितलं, जरा तोऱ्यातच.

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. डबा आमच्या घरात नव्हताच. तो समोर बेनच्या घरात होता, आणि पहिल्यापेक्षा भरलेला होता.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता एका सकाळी सासूबाईंना हुडहुडी भरली. गोधडीवर गोधडी घातली तरी दात वाजत होते. पाठीला हात लावू देत नव्हत्या. मला त्यांनी त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली, तेव्हा मात्र मी नवऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं. आम्ही दोघांनी त्यांना रिक्षात घातलं आणि थेट माझ्या हॉस्पिटलात नेलं. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता.

आमच्याकडे संसर्गाच्या आजारांच्या एक डॉक्टर आहेत. वयाने माझ्यापेक्षा लहान, आवाज हळू आणि स्वभाव हट्टी. अँटिबायोटिकच्या बाबतीत सबंध हॉस्पिटलात माझी बाजू घेणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून मला त्या फार आवडायच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी काही औषध घेतलंय का?"

"काही नाही," मी म्हणाले. "मी असते ना घरात."

हे वाक्य मी रोज नातेवाइकांच्या तोंडून ऐकते आणि त्यावर कधी विश्वास ठेवत नाही. त्या बिचारीने माझ्यावर ठेवला. नमुने गेले, शिरेतून एक चांगलं अँटिबायोटिक सुरू झालं, आणि आम्ही ताप उतरायची वाट बघत बसलो.

ताप उतरला नाही. कल्चरचा रिपोर्ट आला, त्यात काहीच उगवलं नव्हतं. मूत्रपिंडाचे आकडे मात्र रोज थोडे थोडे बिघडत होते. सासूबाई सलाईन लावलेल्या हाताकडे बघत पडून असायच्या. मधूनच शुद्धीवर आल्यासारख्या बोलायच्या, मधूनच लालबागच्या खोलीत असायच्या.

डॉक्टरांनी मला पॅसेजमध्ये बोलावलं. "लघवीत पू भरपूर आहे आणि जंतू एकही नाही," त्या म्हणाल्या. "सिस्टर, यांनी घरी काहीतरी घेतलंय. एकदा नाही, अर्धंमुर्धं बरेचदा. काय घेतलं ते कळलं तर कुठली औषधं वाया गेलीत हे मला कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"मग राखीवातलं द्यावं लागेल. त्याने जंतू मरेल बहुतेक, पण त्यांच्या मूत्रपिंडाला ते झेपेल असं मला वाटत नाही. डायलिसिस मागे लागेल. बीपी टिकून आहे तोवर मी थांबू शकते, संध्याकाळपर्यंत. त्याहून जास्त नाही."

राखीवातलं म्हणजे शेवटची औषधं. ती सहज कुणी देऊ नयेत म्हणून आमच्या हॉस्पिटलात नियम आहे, आणि तो नियम पाळला जातोय का हे बघते मी. त्या थांबताहेत हे बरोबर होतं. दुसऱ्या कुणाच्या सासूबाई असत्या तर मी त्यांचं कौतुक केलं असतं. त्या दिवशी मी भर पॅसेजमध्ये, सगळ्या सिस्टर ऐकत असताना, ओरडले, "थांबताय काय डॉक्टर! काहीतरी स्ट्राँग द्या ना!"

हेच वाक्य लिहून त्यावर लाल फुली मारलेलं पोस्टर ओपीडीत लावलेलं आहे. मीच लावलंय. हाडांचे मोठे सर्जन नेमके बाजूने चालले होते. ते थांबले, माझ्याकडे बघितलं. मग भिंतीवरची बाटली दाबून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही हात बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट चोळले आणि निघून गेले. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "ओरडून झालं असेल तर विचारून या."

मी सासूबाईंच्या कॉटशी गेले. "आई, घरी कुठल्या गोळ्या घेतल्यात तुम्ही?"

त्यांनी डोळे किलकिले केले. "आपल्या घरात डबा नाही," त्या म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं.

आजारी माणसाने एवढं नेमकं बोलावं, याचंच मला नवल वाटलं, आणि मग एकदम उजेड पडला. आपल्या घरात नाही. मी पॅसेजमध्ये जाऊन बेनना फोन लावला.

"मैंने कुछ नहीं दिया, बेटा. कसम से," बेन म्हणाल्या. मी नुसतं "बेन" म्हणाले. "थोडा दिया," त्या म्हणाल्या. मग रडायलाच लागल्या. "काकीने बोला था, बहू को मत बताना. उनको जलन होता था, बहोत दिन से. वो लंबी गोली, गुलाबी. दो-तीन लिया तो आराम हुआ, तो छोड दिया. फिर चालू हुआ, तो फिर लिया. खतम हो गयी ना अभी, सब."

"नाव काय तिचं? कापलेल्या तुकड्यावर काही लिहिलं होतं?"

"नाम तो मालूम नहीं. कोई डालके गया था डब्बे में."

कुणी टाकल्या ते बेनना आठवेना. सासूबाईंना आठवलं असतं, पण त्या भिंतीकडे तोंड करून ग्लानीत होत्या. दुपार उलटून गेली होती. मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की आई हॉस्पिटलात आहेत, त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, डब्यात लांबट गुलाबी गोळ्या कुणी ठेवल्या होत्या ते कृपा करून सांगा, नाव हवं आहे, दुसरं काही नको.

ग्रुपवर पाच मिनिटांत जोडलेल्या हातांचा पूर आला. काकींना लवकर आराम पडो. गेट वेल सून. कुणीतरी हनुमानाचं चित्र टाकलं. एकाने लिहिलं, आमच्याकडे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एकही गोळी घेतली जात नाही. त्याला चार जणांनी अंगठा दाखवला. दुसरीने विचारलं, डबा? कुठला डबा? सेक्रेटरींनी लिहिलं, असे प्रकार आपल्या सोसायटीत घडत असतील तर ती गंभीर बाब आहे, पुढच्या सभेत विषय घेऊ.

मी फोन बंद करून बाकावर आपटणार होते. तेवढ्यात तो वाजायला लागला. ग्रुपवर नाही, वेगवेगळे, एकेकाचे खाजगी मेसेज. "ताई, ग्रुपवर बोलले नाही, पण माझ्या पांढऱ्या होत्या, गुलाबी नव्हेत." "दीदी, हमने सिर्फ पेट का डाला था, किसी को बोलना मत." "वहिनी, मिस्टरांना सांगू नका, त्यांच्या न्यूमोनियाच्या अर्ध्या मीच डब्यात टाकल्या. त्या पिवळ्या." डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गोळी न घेणाऱ्या गृहस्थांच्या बायकोने तर तीन प्रकार कबूल केले. बिल्डिंगमध्ये कुणाला काय काय होऊन गेलं, हे मला त्या अर्ध्या तासात कळलं. एवढी माहिती मला हॉस्पिटलातही कुणी देत नाही.

गुलाबी मात्र कुणाचीच नव्हती. मी पुन्हा आत जाऊन सासूबाईंच्या कानाशी वाकले. औषधाचं नाव विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याकडे ते नव्हतंच. म्हणून मी त्यांच्या पद्धतीने विचारलं, "आई, गुलाबी कुणाची?"

"दाढेची," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

पाचव्या मजल्याची दाढ. सेक्रेटरी. मी त्यांना फोन केला आणि नमस्कार न करताच म्हणाले, "काका, सभेत विषय नंतर घ्या. तुमच्या दाढेच्या गोळ्यांचा दुसरा तुकडा घरात आहे का बघा." पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने फोटो आला. कात्रीने कापलेला पट्टीचा तुकडा, आणि त्यावर औषधाचं पूर्ण नाव. खाली त्यांनी लिहिलं होतं, "कृपया गोपनीय ठेवावे."

डॉक्टरांनी फोटो मोठा करून बघितला. "आपण शिरेतून देतोय ते याच घराण्यातलं," त्या म्हणाल्या. "हे धाकटं भावंड, ते थोरलं. धाकट्याची जंतूंना घरीच सवय झालेली, म्हणून थोरल्याला ते जुमानत नाहीत." त्यांनी ते बंद केलं आणि दुसरं सुरू केलं. जुनं, स्वस्त, हल्ली फारसं कुणी न लिहिणारं. राखीवातलं कपाट उघडायची वेळ आली नाही. त्या दिवशीची संध्याकाळ आणि त्यानंतरचा सबंध दिवस मी फक्त तापाचा तक्ता बघत काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पेज मागितली, आणि त्या पेजेत मीठ कमी आहे म्हणाल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. मूत्रपिंडाचे आकडे हळूहळू सुधारायला लागले.

बेन भेटायला आल्या त्या नॅपकिनमध्ये डबा गुंडाळून घेऊनच. "ये तुम रखो," म्हणाल्या आणि माझ्या हातात ठेवून डोळे पुसत बसल्या. मी त्यांना काही बोलले नाही. बोलण्यासारखं सगळं मी सासूबाईंसाठी राखून ठेवलं होतं. हॉस्पिटलात येता-जाता, रिक्षात, भाजी चिरताना मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. सगळी वाक्यं तयार होती. नुसती त्यांना ताकद यायची खोटी होती.

त्या उशीला टेकून बसायला लागल्या त्या दुपारी मी हातात त्यांची फाइल घेऊनच कॉटपाशी गेले.

"आई, ही जळजळ कधीपासून होती?"

"गौरी यायच्या आधीपासून."

"आणि घरातलं कोण कोण जाणत होतं?"

"घरातलं कोणी नाही."

"बाहेरचं?"

त्यांनी छताकडे बघत हिशेब केला. बेनला माहीत होतं. सेक्रेटरींच्या बायकोला माहीत होतं. खालच्या मजल्यावरच्या मारवाडणीला माहीत होतं, ती बार्लीचं पाणी देऊन जायची. एवढंच काय, उत्तनहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीला माहीत होतं. "ती म्हणाली, काकी, पानी बख्खळ पी, काय व्हत न्हाय."

"कोळणीला सांगितलंत," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "सून याच रोगाचं काम करते. एकाच छपराखाली राहते. एका दिवसात नमुना पाठवला असता, धड औषध दिलं असतं, ही वेळच आली नसती. सगळ्या भाईंदरला सांगितलंत आणि मला एकटीला नाही?"

मला वाटलं, आता पदर डोळ्याला लावतील. पण त्यांनी चादरीची घडी नीट केली आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"रागावू नको गो. मी मोरीत घसरून पडले तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं? चप्पल का घातली नव्हती. हात भाजला तेव्हा म्हणालीस, गॅसजवळ कशाला गेलात. ताप आला तर, काय खाल्लंत. तू चूक नाही बोलत, खरंच बोलतेस. पण बेन दार उघडते आणि विचारते, काकी, काय होतंय? तू विचारतेस, काय केलंत?"

हे मला लागलं. फार लागलं. माझ्याकडे उत्तर होतं. हॉस्पिटलात हाच प्रश्न विचारायचा असतो, त्याच प्रश्नाने तुमचा जीव वाचला, आणि तुमच्या त्या काय होतंय विचारणाऱ्या बेननेच तुम्हाला इथवर आणलं. यातला शब्द न् शब्द खरा होता. मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की फाइल हातात धरून मी त्यांच्या कॉटच्या पायथ्याशी उभी आहे, राउंडला आल्यासारखी.

मी फाइल शेजारच्या टेबलावर ठेवली, स्टूल ओढलं आणि त्यांच्या उशाशी बसले.

"काय होतंय, आई?"

"आता बरंय," त्या म्हणाल्या. मी उठले नाही. त्यांनी माझ्याकडे पुन्हा एकदा निरखून बघितलं, मी खरंच विचारतेय की कामाचं विचारतेय ते बघितलं असावं. मग उशी पाठीमागे सारखी केली आणि सांगायला लागल्या, आणि सुरुवात केली ती गेल्या वर्षीच्या गुडघ्यापासून. गुडघ्यावरून त्या झोप न लागण्यावर गेल्या, तिथून सासऱ्यांच्या आठवणीवर, तिथून पायाला येणाऱ्या मुंग्यांवर. जळजळीपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. मी मध्ये एकदाही काही विचारलं नाही.